जठराभोवती

मासेवाल्या लेओ म्रोझेकनं गेनियाला ओळखलं नाही. नुसतं ओळखलं नसतं तर ती मनातल्या मनात हसली असती, कारण हल्ली असं व्हायचंच. तिच्या अंगावरून गेल्या दोन वर्षांत एक अख्खी बाई उतरून गेली होती. नाताळच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. सरोवरावरून येणारा बर्फ बाहेर आडवा झोडपत होता आणि बाजारात, पूर्व बफेलोत उरलंसुरलं सगळं पोलिश माणूस मासे, बीट आणि खसखस न्यायला लोटलं होतं. तिची पाळी आली तसे लेओनं हात पुसले, मान किंचित झुकवली आणि म्हणाला, "बोला बाई, काय देऊ?" हाच लेओ इतकी वर्षं तिला नुसतं "हं?" म्हणायचा. ती म्हणाली, "वोइतासिकांचं सामान सांगून ठेवलंय. कार्प आणि खारवलेले हेरिंग." "गेनियाचं?" लेओ पाठमोरा होऊन पुडकी चाळत म्हणाला, "स्वतः नाही आली ती? की दारातनं आत मावेना?" मागं रांगेतल्या दोन बायका फिसकन हसल्या. "राग मानू नका हं. मैत्रीण ना तुम्ही तिची? सांगा, लेओनं पिंपाची आठवण काढली म्हणून. पिंप हे नाव आमचं नाही बरं का! सख्खा भाऊच म्हणतो तिचा. परवाच सांगत होता, पिंपाला म्हणे डॉक्टरांनी आता आतून कडं घातलंय. खरं का हो? झाली का जरा बारीक?" गेनियानं पुडक्यासाठी हात पुढं केला. "छे छे, तुम्ही कशाला उचलता? एवढ्या नाजूक बाईनं मासे वाहायचे का? पोरी, गल्ला बघ गं जरा!" असं म्हणून लेओ म्रोझेक खरोखरच फळी वर करून बाहेर आला आणि बर्फात तिच्या मोटारीपर्यंत पुडकं घेऊन चालत गेला. दार उघडून त्यानं ते मागच्या सीटवर अलगद ठेवलं. वर म्हणाला, "हळू चालवा हं. रस्ता निसरडा आहे."

ती मोटारीत नुसती बसून राहिली. काच धुरकटली, मग पांढरी झाली. राग आधी रिशेकचा यायला हवा होता. भाऊ तिचा, शब्द त्याचा, आणि तो मोडून बाजारात वाटला तोही त्यानंच. पण आधी राग आला तो लेओनं पुडकं वाहून आणल्याचा. तरुणपणी याच बाजारातून ती आईची सगळी खरेदी एकटी वाहून न्यायची. बटाट्याचं पोतं, कोबीचे गड्डे, सणाचं पीठ. तेव्हा कुणी फळी वर केली नव्हती. रस्ता तेव्हाही निसरडाच असायचा. म्हणजे हा चांगुलपणा या माणसांजवळ होता. सगळा वेळ होता. फळीमागं, खिशात, गालांच्या आत कुठंतरी दडवून ठेवलेला होता, आणि तो आपल्याला द्यायचा नाही हे त्यांनी आपसांत न बोलता ठरवून टाकलं होतं. हल्ली माणसं तिच्यासाठी दार धरून उभी राहत. बसमध्ये तिच्या शेजारी येऊन बसत, हवापाण्याचं बोलत. पाणीखात्यात तिची उभी हयात टेलिफोनवर तक्रारी घेण्यात गेली होती; फुटलेल्या नळांची, गोठलेल्या पाइपांची. तिचा आवाज गोड म्हणून लोक तिलाच मागून घ्यायचे. नव्या साहेबानं तिला गेल्या उन्हाळ्यात पुढच्या काउंटरवर बसवलं. "तुमच्यासारखं हसतमुख माणूस मागच्या खोलीत कशाला?" असं म्हणाला. ती तेव्हा खूश झाली होती. घरी येऊन आरशासमोर उभी राहिली होती. आता ते आठवून तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मागच्या खोलीत ती रडत होती का? तिथंही ती हसतमुखच होती. हसल्याशिवाय जाड बाईला जगू देतं कोण?

गाडी चालू करून ती घराकडं निघाली. सेंट कासिमिरच्या शाळेच्या जागी आता नुसतं पटांगण होतं, तरी त्या कोपऱ्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा तिचा पाय आपसूक हलका झाला. वर्षातून एकदा तिथल्या दालनात मुलांची वजनं होत. परिचारिका आकडा मोठ्यानं सांगायची आणि शाळेची नन, सिस्टर, तो लिहून घ्यायची. गेनियाचा आकडा आला की सिस्टर एकदा वर बघायची आणि म्हणायची, "देवाची कृपा आहे." मुलं हसायची. घरी येऊन तिनं सांगितलं की आई म्हणायची, "हसू देत. जेव तू." आई युद्धात जर्मनांच्या शेतावर राबली होती. बटाट्याची सालं चोरून उकडायची आणि सापडली की मार खायची. मग निर्वासितांची छावणी, मग अमेरिकेची बोट, मग बफेलो. बाबा लॅकवॉनाच्या पोलाद कारखान्यातून काळे होऊन यायचे आणि आई सगळ्यांपुढं वाढून, हात कमरेवर ठेवून उभी राहायची. कोण किती खातंय याच्याकडं ती चर्चमध्ये मेणबत्तीकडं बघावं तसं बघायची. गेनियाच्या गुबगुबीत दंडाला आंघोळीच्या वेळी साबण लावताना तिच्या तोंडावर जे दिसायचं, त्याला अभिमान म्हणण्यावाचून दुसरा शब्द नव्हता. युद्ध आपण जिंकलं, ते हे, असं काहीतरी. आणि त्या बाईच्या पोरीनं काय केलं? जी भूक आई समुद्रापलीकडं टाकून आली होती, ती पोरीनं हौसेनं पोटात बांधून घेतली.

ती शस्त्रक्रिया तिनं निवडली असं सगळी कागदपत्रं सांगत होती. सही तिची होती. पण निवड कधी झाली हे तिला ठाऊक होतं. ती झाली आईची शवपेटी निवडताना. दफनविधीवाल्याच्या तळघरात मंद दिव्यांखाली पेट्या मांडून ठेवल्या होत्या. रडून रडून गेनियाचं नाक बंद झालं होतं. त्या शांततेत रिशेकनं एका रुंद पेटीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "ही गेनियासाठी आत्ताच सांगून ठेवू या. आणि तिला जागा दोन लागतील, शेजारशेजारच्या." दफनविधीवाला हसला. त्याला हसायची परवानगी नव्हती, त्याचा धंदाच न हसण्याचा, तरी हसला. गेनियाही हसली. रिशेकचं स्वतःचं पोट तेव्हाही पट्ट्यावरून खाली ओघळत होतं, आजही ओघळतं. पण त्याला लोक भरदार म्हणतात. माणूस कसा कमावता दिसतो, म्हणतात. त्यानंतर महिन्याभरातच ती दवाखान्यात जाऊन बसली. भिंतीवर हसऱ्या बायकांचे फोटो होते. डॉक्टरनं प्लॅस्टिकचं जठर हातात घेऊन दाखवलं आणि त्याच्या वरच्या टोकाला एक मऊ पट्टा घड्याळासारखा बांधला. काही कापायचं नाही, काही काढायचं नाही. वरती अंड्याएवढी जागा उरते, ती भरली की पोट भरलं. बरगडीखाली कातडीच्या आत, नळीनं पट्ट्याला जोडलेलं एक टोपण ठेवायचं, त्यात सुईनं खारं पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैलावतो. किती सोपं! हॉस्पिटलात न्यायला-आणायला कुणीतरी लागतं म्हणून तिनं एकट्या रिशेकला सांगितलं. बाकीच्यांना चालणं आणि पथ्य सांगायचं ठरलं. हॉस्पिटलच्या वाहनतळावर गाडी बंद करून तो म्हणाला होता, "आईची शपथ. माझ्या तोंडून अक्षर निघणार नाही."

मग ती जगायला लागली त्या पट्ट्यासकट. वजन उतरलं, खोटं कशाला बोला. गुडघे बोलायचे बंद झाले. चर्चच्या बाकात ती सरळ बसायला लागली, एका कुशीवर नाही. तिनं लाल कोट घेतला. पण पाव गेला. भात गेला. काल चाललेलं आज चालेलच असं नाही. सकाळी बंद, दुपारी उघडं, आणि मनाला काही लागलं की दिवसभर बंद. घास इतका चावायचा की त्याची चव जाऊन नुसता लगदा उरतो. एक घास जरा मोठा झाला की छातीच्या हाडामागं मूठ आवळल्यासारखी कळ, तोंडात लाळेचा पूर, आणि मग धावायचं. जेवताना ती दाराजवळच्या खुर्चीवर बसायला लागली. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं आणि खोकल्यानं उशी ओली व्हायची. गेल्या आठवड्यात डॉक्टरनं एक्स-रे उजेडापुढं धरून सांगितलं, पट्टा सरकलाय. फुप्फुसांत पाणी जातंय, हे असं चालायचं नाही. काढून टाकावा लागेल. "मग वजन?" तिनं विचारलं. त्यानं खांदे उडवले. बहुतेकांचं परत येतं, म्हणाला. दुसरी, मोठी शस्त्रक्रिया आहे, तिचाही विचार करा. सण झाला की कळवा. ती मान हलवून बाहेर पडली आणि बाहेर एका पोरगेल्या माणसानं तिच्यासाठी दार धरलं. त्या दारातून जाताना तिनं ठरवलं होतं: राहू दे पट्टा. खोकू. किती दिवस काढायचेत आता! फुप्फुसं कुणाला दिसतात?

हे आपण ठरवलं होतं. खोकून मरायचं, पण दार धरणारा हवा. स्वयंपाकघरात बीट किसताना तिला ते शब्दांत दिसलं आणि तिनं किसणी आपटली. लाल शिंतोडे भिंतीवर उडाले. ओट्यावर पदार्थ एकेक करून मांडले जात होते: बीटाचं सार, त्यात सोडायच्या कानाच्या आकाराच्या करंज्या, साईतले हेरिंग, तळायचा कार्प, कोबी-वाटाणा, आंबट कोबी आणि आळंब्यांचं सारण भरून उकडलेल्या पिएरोगी, खसखशीच्या शेवया. बारा पदार्थ व्हायलाच हवेत आणि प्रत्येकानं प्रत्येक पदार्थ चाखायलाच हवा. जेवढे सोडशील तेवढं सुख येत्या वर्षात कमी, असं आई सांगायची. आई गेल्यावर हा स्वयंपाक गेनियाकडं आला. रिशेक, त्याची बायको डार्लीन आणि लेक मार्सी येत, जेवत, डबे भरून नेत. गेली दोन वर्षं ती चमच्याच्या टोकावर घेऊन मीठ बघत होती आणि चव कळली की सिंकमध्ये थुंकत होती. पिएरोगीच्या कडा दाबताना तिची बोटं आईच्या बोटांसारखी चालत. तेवढं सुख होतं. आज तेही नव्हतं. आज ती कडा अशा दाबत होती, जणू कुणाची तरी नरडी आहे.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिला तारा दिसला की जेवायला बसायचं, पण बफेलोत डिसेंबरमध्ये तो दिसत नाही, म्हणून आईनं कोपऱ्यावरचा दिवा हाच तारा ठरवला होता. तो लागला आणि मंडळी पायांवरचा बर्फ झाडत आत आली. "वा! वास बघ!" रिशेक टोपी काढत म्हणाला. "गेनिया, या वेळी तूच आणलेस ना गं मासे? माझा गुडघा असा आखडला की सांगता सोय नाही. लेओनं नीट दिले ना?" "दिले," ती म्हणाली. "गाडीपर्यंत आणून दिले." "लेओनं? काय सांगतेस! म्हातारा तुझ्या प्रेमात पडला वाटतं." डार्लीन हसली. पांढऱ्या टेबलक्लॉथखाली येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून वाळलं गवत पसरलेलं, कोपऱ्यात न येणाऱ्या पाहुण्याचं रिकामं ताट. गेनियानं बशीतली ओप्लातेकची पापडी उचलली. कागदासारखी पातळ, पांढरी, चर्चमधून आणलेली. घरातल्या वडीलधाऱ्यानं ती हातात धरायची. एकेकानं समोर यायचं, एकमेकांच्या पापडीचा तुकडा मोडून खायचा, भलं चिंतायचं आणि वर्षाचं सगळं माफ करायचं. तोवर कुणी चमचा उचलायचा नाही. आईनं कुणाला कधी चुकवलं नव्हतं. युद्धात जिच्या चुगलीमुळं जर्मनांनी तिला धरून नेलं, त्या शेजारणीलाही ती दर नाताळात पाकिटातून पापडीचा तुकडा पाठवायची. ज्याच्याशी पापडी मोडली नाही ते माणूस पुढच्या वर्षी ताटावर नसतं, असंही तीच सांगायची.

मार्सी पहिली आली. तिशीची पोर, लहानपणी गेनियाच्याच मांडीवर झोपलेली. "आत्या, तुझा खोकला जाऊ दे," ती म्हणाली आणि तिचे डोळे उगाच भरले. त्यांनी पापडी मोडली. मग डार्लीन. "अशीच राहा गं बाई! मी तर सगळीकडं तुझंच उदाहरण देते. पुढच्या नाताळात आणखी एक माप खाली, काय?" तिच्याशीही मोडली. मग रिशेक, हातात स्वतःची पापडी धरून, सणाचा चेहरा करून.

"चल गेनिया. वर्षभरात काही कमीजास्त बोललो असेन तर सोडून दे. तुझं भलं व्हावं, एवढंच मागतो मी. आटप, सार निवतंय."

"लेओनं ओळखलं नाही मला," गेनिया म्हणाली.

"मग! ओळखणार कसा? कुठं तू, कुठं..." तो थांबला.

"ओळखलं नाही, म्हणून तर बोलला. पिंपाला आतून कडं घातलंय म्हणाला."

रिशेकचा हात पुढंच राहिला. डार्लीननं टेबलावरचा काटा उचलून परत तिथंच ठेवला. म्हणजे तिलाही माहीत होतं. मार्सीनं एकदा बापाकडं, एकदा आत्याकडं बघितलं. "कसलं कडं?"

"अगं, काही नाही गं. गंमत! बाजारात चार माणसांत काहीतरी बोलावं लागतं. लेओ ते धरून बसला. मनाला लावून घेऊ नकोस एवढं."

"तू आईची शपथ घेतली होतीस."

"बरं बाबा, चुकलो. झालं? सणासुदीला कशाला उकरतेस? मोड पापडी."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तुझ्याशी मोडणार नाही."

तिला वाटलं होतं आवाज फुटेल. तो फुटला नाही. पाणीखात्याच्या टेलिफोनवरचाच आवाज होता: गोड, स्पष्ट, आज माणूस पाठवता येणार नाही असं सांगणारा. आतून मात्र भीती होती. खरंच पुढच्या वर्षी तो नसला तर? लहानपणी तापात हा पोरगा तिच्याच दंडाला बिलगून झोपायचा. मऊ लागतो म्हणायचा. आई असती तर तिनं नुसतं बघून ती पापडी मोडायला लावली असती. पण आईनं माफ केलं ते युद्ध संपल्यावर. माझं संपलंय कुठं? ती मनातल्या मनात आईवर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा.

"गेनिया, अगं अपशकुन असतो," डार्लीन हळूच म्हणाली.

"जेवायला बसा," गेनिया म्हणाली. "बारा पदार्थ केलेत. उपाशी कुणी जायचं नाही."

ते बसले. चमच्यांचे आवाज सुरू झाले. सार तिच्याही गळ्याखाली उतरलं. मग तिनं पिएरोगी उचलली, अख्खी, आणि तिचा मोठा घास घेतला. चावला, पण मोजून मापून नाही, रागानं. आंबट कोबी, आळंबी, लोणी. दोन वर्षांनी तिनं चव गिळली. क्षणभर आईच्या कमरेवरचे हात, पोलादाचा वास येणारे बाबा, सगळं स्वयंपाकघर तिच्या तोंडात उभं राहिलं. मग छातीमागं मूठ आवळली. ती उठली. न्हाणीघर चार पावलांवर होतं, पण ती तिकडं गेली नाही. जेवणाच्या टेबलाशेजारी, सगळ्यांच्या देखत, ती सिंकवर वाकली आणि ओकली. आधी फेस, मग कळ, मग घास, मग परत फेस. बराच वेळ. मागं कुणाचाही चमचा वाजला नाही.

"आत्या," मार्सी उठून तिच्या पाठीवर हात ठेवत म्हणाली, "हे... असं नेहमी होतं?"

"रोज."

"पण आम्हाला कधी ऐकू आलं नाही!"

"नळ सोडते मी. आज नाही सोडला."

ती तोंड धुऊन परत खुर्चीवर येऊन बसली. डोळे लाल, ओठ फिकट, पण खोकला आला नाही. तिनं नॅपकीन मांडीवर सरळ केला. "सण झाला की काढून टाकणार आहे मी तो पट्टा. दुसरं काही करून घेणार नाही. फुप्फुसांत पाणी जातंय."

"काढून?" डार्लीनच्या तोंडून निघून गेलं. "अगं पण, मग परत..."

"बोल ना. परत काय?"

"परत होतीस तशी होशील," रिशेक म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्याला खरंच वाईट वाटत होतं, जसं एखाद्याची नोकरी गेली की वाटतं. ते वाईट वाटणं तिला त्या पिंपापेक्षा जास्त झोंबलं.

"होईन."

"आणि लोक? इतकं सगळं केल्यावर लोक काय म्हणतील, गेनिया?"

"लोकांनी काय म्हणायचं ते तूच तर सांगत असतोस त्यांना."

मार्सीनं स्वतःचं ताट उचललं आणि ती आत्याशेजारी येऊन बसली. गेनियानं तिला कार्पचा मधला तुकडा वाढला, काटे नसलेला. डार्लीन बशीतल्या शेवया काट्याला गुंडाळत राहिली. रिशेकच्या डाव्या हातात अजून पापडी होती. ती टेबलावर ठेवावी तर कुणी उचलणार नव्हतं. टाकून द्यावी तर ते पाप. खिशात घालावी तर चुरा झाला असता. त्यानं बायकोकडं बघितलं, मग रिकाम्या ताटाकडं, मग बहिणीकडं. गेनियानं नजर काढली नाही. मदतही केली नाही. शेवटी त्यानं ती पापडी आपली आपणच तोंडात घातली. ती जिभेवर ठेवली की विरघळते, चावावी लागत नाही. रिशेक मात्र मान खाली घालून कितीतरी वेळ चावत होता.